वर्गात काही हरवलं आणि सगळ्या नजरा एकाच पोरीकडे वळल्या तर

नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाला पाठटाचण कसं काढायचं, पोषण आहाराच्या नोंदी कशा ठेवायच्या, हे कुणी ना कुणी शिकवतं. एक गोष्ट मात्र कुठल्याच प्रशिक्षणात येत नाही. वर्गात कुणाचे तरी पैसे हरवतात आणि कुणी चकार शब्द न काढता सगळ्या पोरांच्या नजरा पारधी वस्तीवरून येणाऱ्या मुलाकडे वळतात. त्या वेळी बाईंनी किंवा गुरुजींनी काय करायचं? सोलापूर, धाराशिव, बीड, अहिल्यानगर या पट्ट्यात नोकरी करणाऱ्याला अशी शाळा कधी तरी मिळतेच. विदर्भात वस्तीला बेडा म्हणतात, पण नजरा तिथेही अशाच वळतात. माझी बहुतेक नोकरी अशा शाळांवर झाली, म्हणून मला जमलेली रीत इथे लिहून ठेवते.

पहिली दहा मिनिटं

एक प्रसंग सविस्तर सांगते. चौथीचा वर्ग होता. एका मुलीने सहलीचे साडेतीनशे रुपये घडी करून कंपासपेटीत ठेवले होते. मधल्या सुट्टीनंतर पेटी उघडली तर पैसे नाहीत. ती रडायला लागली. मागच्या ओळीतून एक पोरगा म्हणाला, "बाई, तिचं दप्तर बघा." तिचं म्हणजे कुणाचं, हे कुणी विचारलं नाही. खिडकीजवळ बसणारी पारध्याची पोरगी आपणहून उठली, दप्तर उचललं आणि माझ्या टेबलापाशी आणून उभी राहिली. तोंडावर राग नाही, रडू नाही. नऊ वर्षांच्या पोरीला झडती अंगवळणी पडली होती.

मी तिला म्हटलं, "दप्तर जागेवर ने बाळा, मी मागितलेलं नाही." हे सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हटलं. अशा वेळी शिक्षकाचं पहिलं वाक्य फार मोलाचं असतं. तुम्ही गप्प राहून दप्तर घेतलंत, तर पुढे आत काहीही सापडो न सापडो, निकाल लागलेला असतो. पोरं घरी जाऊन सांगतात, बाईंनी तिचं दप्तर तपासलं. दप्तरात काय होतं हे कुणी विचारत नाही.

मग त्या पोराला विचारलं, "तू तिला घेताना पाहिलंस?" "नाही." "मग नाव का घेतलंस?" "सगळे म्हणतात." मी एवढंच म्हटलं, "आपल्या वर्गात पाहिलेलं सांगायचं. ऐकलेलं सांगायचं नाही." आणि तिथे थांबले. अशा पोराला वर्गासमोर झापायचं नाही. ते बोलणं त्याने घरातून आणलेलं असतं. तुम्ही त्याला फैलावर घेतलंत, तर त्याची भरपाई तो शाळा सुटल्यावर रस्त्यात तिच्याकडून वसूल करतो. त्याच्याशी दुसऱ्या दिवशी, एकट्याला बाजूला घेऊन बोलायचं. तो वाईट पोरगा नव्हता. मोठ्या माणसांचं ऐकणारा होता.

वर्गाला पाढे लिहायला लावून मी पैसे हरवलेल्या मुलीला व्हरांड्यात नेलं. पैसे शेवटचे कधी पाहिले, कुणी दिले, कोणत्या कप्प्यात ठेवले, सुट्टीत पेटी कुठे होती, सकाळी दुकानात काही घेतलंस का. हे प्रश्न शांतपणे विचारले की पुष्कळदा हरवलेली वस्तू तिथेच सापडते. आईने पैसे काढून घेतलेले असतात, किंवा पोराने चिक्की खाल्लेली असते आणि आता मार चुकवायचा असतो. या वेळी तसं काही निघालं नाही. पैसे खरोखरच गेले होते.

अशा वेळी सगळ्यांचीच दप्तरं तपासू, म्हणजे न्याय झाला, असं वाटतं. मी ते करत नाही आणि तुम्हीही करू नका. एक तर झडती सगळ्यांची म्हणून सुरू झाली तरी पोरांची मान पहिल्यांदा कुठे वळते ते बघा. दुसरं, पैसे कुणाच्याही दप्तरात निघाले तर ते पोर त्या शाळेत असेपर्यंत चोर ठरतं, मग ते सरपंचाचं का असेना. आणि घेणारा शहाणा असेल तर पैसे दुसऱ्याच्या दप्तरात सरकवून मोकळा होतो. कुणाच्या दप्तरात सरकवायचे, हे त्याला गावाने आधीच शिकवलेलं असतं.

मंतरलेले तांदूळ चघळायला देणं, देवीची शपथ घ्यायला लावणं, "खोटं बोलणाऱ्याची काडी बोटभर वाढते" म्हणून सगळ्यांच्या हातात काड्या देणं, हे प्रकार अजून काही शाळांत चालतात. ते ताबडतोब बंद करा. घाबरलेल्या पोराच्या तोंडाला कोरड पडते, हात कापतात, आणि वर्गात सगळ्यात घाबरलेलं पोर कोणतं असतं हे वेगळं सांगायला नको.

मी वर्गाला सांगितलं, "माझ्या टेबलाच्या खणाला उद्या शाळा भरेपर्यंत कुलूप नसेल. ज्याच्या हातून घडलं असेल त्याने तिथे ठेवून द्यावं. मी विचारणार नाही." असा मार्ग मोकळा ठेवला की वस्तू परत यायची शक्यता वाढते. पण ते पैसे परत आले नाहीत. मुख्याध्यापकांनी आणि आम्ही शिक्षकांनी मिळून त्या मुलीचे सहलीचे पैसे भरले. पोरांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "कुणी घेतले बाई?" मी म्हटलं, "मला माहीत नाही."

माझं सगळं सांगणं या तीन शब्दांपाशी येऊन थांबतं. वस्तू हरवली आणि चोर सापडला नाही की ती रिकामी जागा वर्गाला सहन होत नाही, गावाला तर मुळीच नाही. मग तिथे हाताशी असलेलं नाव बसवलं जातं. साप साप म्हणून भुई धोपटायची तीच रीत. ती जागा रिकामी ठेवायचं काम शिक्षकाचं. "माहीत नाही" हे शिक्षकाने ठामपणे, मान वर करून म्हटलं, की वर्गालाही हळूहळू तसं म्हणायची सवय लागते. बाईंना माहीत नाही तर आपल्याला तरी कसं माहीत असेल, एवढं पोरांना कळतं.

आणि तिने खरंच घेतलं असेल तर

हा प्रश्न मला दर वेळी विचारतात, आणि तो टाळायचा नाही. कधी तरी पारध्याचं पोर घेतंही. पाटलाचं घेतं, शिक्षकाचं घेतं, तसंच तेही घेतं. त्या वयात रंगीत पेन्सिल बघून हात जाणारच. फरक पुढे पडतो. पाटलाच्या पोराने घेतलं तर "खोडकर आहे", पारध्याच्या पोराने घेतलं तर "शेवटी जात दाखवलीच". तुमच्याकडून दोघांना एकच वागणूक गेली पाहिजे. एकट्याला बोलवा, वस्तू परत घ्या, ज्याची आहे त्याला "सापडली" म्हणून द्या आणि विषय मिटवा. पालकांना सांगायचं असेल तर दोघांच्याही पालकांना सांगा, नाही तर कुणाच्याच नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षेइतकाच मानसिक छळालाही मज्जाव आहे. वर्गासमोर एखाद्याला चोर म्हणून उभं करणं हा छळच आहे.

हरवण्याआधीची व्यवस्था

मुळात पैसे पोरांच्या दप्तरात दिवसभर राहूच द्यायचे नाहीत. सहलीचे, स्नेहसंमेलनाचे पैसे हजेरीच्या वेळी गोळा करून, वहीत नोंद करून मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावेत. पट्टी, खोडरबर, टोकयंत्र वर्गाचं म्हणून एका डब्यात ठेवावं. ज्याला लागेल त्याने घ्यावं आणि परत ठेवावं. एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी उगवतच नाहीत.

डब्याची किल्ली किंवा खडूच्या पेटीची जबाबदारी पाळीने सगळ्यांना द्या, आणि पारध्याच्या पोराची पाळी आली की ती वगळू नका. खास कौतुक करून सगळ्यांआधीही देऊ नका. हजेरीपटाच्या क्रमाने आली की आली. पोषण आहाराच्या पंगतीलाही मी हाच क्रम लावते, वाढायलाही. आपापल्या जागा पोरांना निवडू दिल्या तर पंगतीचं टोक कुणाच्या वाट्याला येतं ते एकदा बघा, म्हणजे क्रम का लावायचा ते कळेल.

शिक्षकांच्या खोलीत

खरी अडचण पोरांची नसते. चहा पिताना एखादे गुरुजी सहज म्हणतात, "त्यांच्या रक्तातच आहे ते." तिथे गप्प बसू नये. भांडूही नये, कारण भांडणाने माणूस आणखी घट्ट होतो. मी त्यांना एका कायद्याची गोष्ट सांगते.

इंग्रजांनी १८७१ साली क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट आणला. आधी उत्तर हिंदुस्थानात, पुढे १९११ च्या कायद्याने सगळीकडे. काही जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. नाव नोंदवायचं, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर परवाना घ्यायचा. कितीकांना तारेच्या कुंपणात ठेवलं. सोलापुरातल्या त्या जागेला लोक आजही सेटलमेंट म्हणतात. पारध्यांच्या कितीतरी शाखा त्या यादीत होत्या. देश स्वतंत्र झाला तरी हा कायदा देशपातळीवर रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडला, म्हणून त्या दिवशी विमुक्त दिन पाळतात. पण गावोगावच्या पोलीस पाटलांच्या, सावकारांच्या, मास्तरांच्या डोक्यातली यादी तशीच राहिली. ज्याला आपण रक्त म्हणतो तो एका सरकारी कागदाचा ठसा आहे.

त्यातच यांचा धंदा गेला. फासे लावून तित्तर, लाव्हे धरायचे आणि बाजारात विकायचे, हे फासेपारध्यांचं पोट. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली. जंगल आणि प्राण्यांसाठी ते योग्यच होतं, पण त्या बदल्यात यांच्या हाती जमीन आली नाही की दुसरं काम. माणूस गावाच्या कडेला पालात राहतो, कुणी कामावर घेत नाही, आणि गावात चोरी झाली की पहिली जीप तिथे जाते. आपल्याच मातीत वेगळं वागलेला माणूसही होऊन गेला, हेही मी सांगते. शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१८ साली हजेरीची पद्धत बंद केली आणि फासेपारध्यांना पहाऱ्याच्या नोकऱ्या दिल्या. ज्यांना चोर म्हणत होते त्यांच्याच हाती राखण दिली.

सगळे गुरुजी यावर मान डोलावतात असं नाही. पण पुढच्या वेळी "रक्तातच आहे" म्हणताना आवाज खाली येतो. मला तेवढंही पुरतं, कारण मोठ्याने म्हटलेलंच पोरांच्या कानावर जातं.

जनरल रजिस्टर जपून भरा

शाळेत दाखल होणाऱ्या प्रत्येक पोराची नोंद या रजिस्टरात होते. ती भरायचं काम कोरडं वाटेल, पण एखाद्या पोराच्या आयुष्यात तुमच्या शिकवण्यापेक्षा याचाच उपयोग जास्त होईल. महाराष्ट्रात पारधी, फासेपारधी हे अनुसूचित जमातीत मोडतात, तर राजपारधी, पालपारधी विमुक्त जातींत. गावात सगळ्यांना सरसकट पारधीच म्हणतात. दाखल करताना पालक जे सांगतील ते विचारून, त्यांना वाचून दाखवून जसंच्या तसं लिहा. अंदाजाने लिहू नका. जातीच्या दाखल्याला अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा आणि विमुक्त जातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा पुरावा मागतात. ज्यांना गावात थाराच मिळाला नाही त्यांच्याकडे तेव्हाचा कागद कुठून असणार? म्हणून शाळेत येणाऱ्या पहिल्या पिढीची नोंद ही त्यांच्या नातवंडांचा पुरावा असते. घाईत लिहिलेल्या एका शब्दापायी पुढच्या पिढीला कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

जन्माचा दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, शिक्षण हक्क कायद्यात तसं स्पष्ट आहे. आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी पोराला बसवून घ्यायचं. कुटुंब कामासाठी बाहेर जाणार असेल तर शिक्षण हमी पत्रक, म्हणजे दुसऱ्या गावच्या शाळेत शिक्षण चालू ठेवण्यासाठीचं कार्ड, हातात द्या. आडनावावरून अंदाज बांधायच्या भानगडीत पडू नका. यांची आडनावं काळे, पवार, भोसले, चव्हाण अशीच असतात. आडनावात काहीच वेगळं नसतं, म्हणून तर गाव वस्तीवरून माणूस ओळखतं.

पोराला स्वतःबद्दल काय सांगू द्यायचं

काही पोरं मोकळेपणाने सांगतात, आम्ही पारधी. काही कानात येऊन सांगतात, "बाई, नव्या पोरांना सांगू नका." दोन्हीचा मान ठेवा. सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे त्या पोराने ठरवायचं. शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात जातीसकट मोठ्याने वाचणं हा तर सरळ अन्याय आहे. ज्याचा अर्ज भरायचा त्याला जवळ बोलावून भरा.

चांगल्या हेतूने केलेली एक गोष्ट मला खटकते. विमुक्त दिनाला वर्गातल्या एकुलत्या एक पारधी पोराला पुढे उभं करायचं आणि "हा आपला विमुक्त बांधव" म्हणून टाळ्या वाजवायच्या. नजरा तेव्हाही त्याच्याकडेच वळतात. त्यापेक्षा परिसर अभ्यासाच्या तासाला सगळ्यांना घरातलं एक कसब विचारून आणायला सांगा. माझ्या एका वर्गात कुंभाराच्या पोराने भट्टी कशी लावतात ते सांगितलं, एका मुलीने मेंढ्या आजारी पडल्या तर आजोबा काय बघतात ते सांगितलं, आणि त्यांच्यामध्येच पारध्याच्या पोराने तित्तराचा आवाज काढून दाखवला. बाहेरच्या शेतातून खऱ्या तित्तराने उत्तर दिलं तेव्हा वर्ग उठून खिडकीला लागला. त्या दिवशी पोरं त्याच्याकडे आवाज शिकायला गेली. पुढच्या वेळी मात्र मी त्याला पक्ष्यांबद्दल विचारलं नाही, गणित विचारलं. माणसाला एका चांगल्या खुंटीला बांधलं तरी ते बांधणंच झालं.

घरी ही पोरं गुजरातीच्या जवळची आपली बोली बोलतात. पहिलीत मराठी अडखळते. हसणाऱ्याला आवरा, पण त्याहून उपयोगी म्हणजे त्या बोलीतले पाच-दहा शब्द स्वतः शिकून घ्या. पाणी, भूक, दुखतंय, घरी जायचंय, एवढे पुरतात.

गाव आणि पोलीस

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकांमधून घ्यायचे असतात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यात प्रमाणशीर जागा द्यायची असते. वस्तीवरच्या एका आईला समितीत घ्या, आणि सभेची वेळ तिच्या कामाची वेळ पाहून ठेवा. आमच्याकडे एक बाई सुरुवातीला दाराशी खाली बसायच्या. मी त्यांना "ताई, इकडे खुर्चीवर या" म्हणायची, दर सभेला, न कंटाळता. पुढे एका सभेत हरवलेल्या गॅस शेगडीचा विषय निघाला आणि एका सदस्याने वस्तीकडे बोट दाखवलं. त्या तिथेच म्हणाल्या, "मी बसलेय ना इथं. मला विचारा की." सभा गप्प झाली. समोर बसलेल्या माणसाबद्दल पाठीमागचं बोलता येत नाही.

शाळेत पोलीस आले आणि एखाद्या पोराला घेऊन जातो म्हणाले, तर मुख्याध्यापकांनी पुढे व्हावं. बाल न्याय कायदा २०१५ प्रमाणे मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याच्याशी बोलायचं ते साध्या वेशातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याने. सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा ठरत नाही. पालकांना बोलावल्याशिवाय पोर ताब्यात देऊ नका, आणि गरज पडली तर १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीला फोन करा. हे सगळं आदबीने सांगितलं तर बहुतेक अधिकारी ऐकतात.

यातली जवळपास प्रत्येक गोष्ट ऊसतोड कामगाराच्या पोराला, वडाराच्या, कैकाड्याच्या, गावातल्या एकुलत्या एका मुसलमान घरातल्या पोराला, बिहारहून आलेल्या वीटभट्टीवाल्याच्या पोरालाही लागू पडते. नजरा कुणाकडे वळतात ते गावागणिक बदलतं, तेवढं आपल्या गावापुरतं ओळखून ठेवा.

बदली झाली की वर्ग दुसऱ्याच्या हाती देताना प्रगतिपत्रकं, रजिस्टरं यांबरोबर दोन शब्द तोंडीही सांगितले जातात. "ते खिडकीजवळचं पोर वस्तीवरचं आहे, जरा लक्ष ठेवा," असं सांगून जाऊ नका. तिचा भागाकार पक्का झाला आहे, शुद्धलेखनात वेलांट्या चुकतात, आणि कवितेला चाल लावायला तिला फार आवडतं, एवढं सांगा.